सभा पालकांची, भाषा कोणाची?

(नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक, वसतिगृह प्रमुख, अंगणवाडी सेविका आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



नंदुरबारमध्ये मुलांच्या शिक्षणाविषयी बोलायचे आणि ९ सप्टेंबर १९४२ या दिवसाचे स्मरण करायचे नाही, असे होऊ शकत नाही. ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या त्या दिवसांत तिरंगा हाती घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि बालवीर शिरीषकुमार मेहता यांच्यासह पाच जण धारातीर्थी पडले. त्या हुतात्म्यांची आडनावे पाहा : मेहता, शहा, वाणी, केतकर. शिरीषकुमारांची मातृभाषा गुजराती होती. निरनिराळ्या घरांतून आलेली ही माणसे एका ध्वजाखाली चालली. पण ध्वजाखाली येण्यापूर्वी ‘घरची भाषा उंबऱ्याआत ठेवून या’ असे त्यांना कोणी बजावले नव्हते. एकत्र येण्यासाठी एकसारखे असावे लागत नाही, हा या शहराचा जुना धडा आहे. आजच्या विषयाकडे मी याच धड्यातून पाहणार आहे.

विषय आहे पालकसभेचा. वरवर पाहता किरकोळ वाटावा असा. वर्षातून दोन-तीनदा सभा होते, हजेरीपटावर सह्या-अंगठे होतात, अहवाल वर जातो, संपले. परंतु या जिल्ह्यात मूल शाळेत टिकणार की दिवाळीनंतर उसाच्या फडात जाणार, याचा निर्णय पुष्कळदा शाळेच्या आणि घराच्या संबंधांवर अवलंबून असतो. तो संबंध जोडण्याची जागा म्हणजे पालकसभा. ती नीट झाली तर एक मूल वाचते. ती उपचारापुरती झाली तर ते मूल हजेरीपटावर राहते आणि वर्गातून नाहीसे होते.

एक जिल्हा, अनेक घरे

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि त्यांत दर शंभरामागे सुमारे ६९ जण अनुसूचित जमातींचे. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर असताना नंदुरबारची ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. हे आकडे आपण भाषणांतून वारंवार ऐकतो. पण आकड्यांच्या मागचे घर आपल्याला दिसत नाही.

धडगावच्या डोंगरातल्या घरात पावरी बोलली जाते. नवापूरकडे मावची आणि कोकणी. अक्कलकुव्याच्या बाजूला देहवाली भिली. तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी, शहादा-तळोद्याच्या गुजर पाटलांच्या घरांत गुजरी, आणि नंदुरबार शहरात गुजराती, मारवाडी, सिंधी, उर्दू. देशात भिली आणि तिच्या गटातील बोली बोलणारे २०११च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक नोंदले गेले, तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आता या जिल्ह्यातला एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. गुरुजी कदाचित जळगावचे किंवा मराठवाड्यातले. समोरची मुले तीन बोलींची. फळ्यावरची भाषा चौथीच, प्रमाण मराठी. मूल लहान असते, वर्ष-दोन वर्षांत ते ही चौथी भाषा कशीबशी उचलते. पण त्याच्या आईवडिलांचे काय? त्यांना कोणत्या वर्गात बसवायचे?

‘पालक येतच नाहीत’

पत्रकार म्हणून फिरताना शिक्षकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘साहेब, पालक उदासीन आहेत. बोलावले तरी येत नाहीत.’ शिक्षकांचा हा वैताग खोटा नाही. दोन डोंगर ओलांडून शाळेत पोहोचणाऱ्या गुरुजींना रिकाम्या सतरंज्या पाहून वाईट वाटणारच. तरीही प्रश्न उरतो. बोलावले म्हणजे नेमके काय केले?

प्रमाण मराठीत लिहिलेली सूचना मुलाच्या दप्तरातून घरी जाते. घरात ती वाचणारे एकमेव माणूस म्हणजे ते मूलच. सभा सकाळी ११ वाजता, कामाच्या दिवशी; म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. पालक आला, तर गुरुजन खुर्च्यांवर आणि तो खाली सतरंजीवर. मग तासभर भाषणे. मुलांना रोज पाठवा, स्वच्छ पाठवा, व्यसने सोडा. त्यानंतर रजिस्टरमध्ये अंगठा, कपभर चहा आणि आभारप्रदर्शन. त्या माणसाने परतीच्या वाटेवर स्वतःला विचारले, की आपण तेथे काय ऐकले, काय बोललो, तर उत्तर काय येईल? पुढच्या वेळी तो येत नाही. न येणे हेही एक उत्तर असते. आपण ते वाचायला शिकलेलो नाही.

हाच माणूस जूनच्या पावसात मुलाला आश्रमशाळेत सोडण्यासाठी मैलोन्‌मैल चालतो. सहा-सात वर्षांचे लेकरू परक्या माणसांच्या हाती सोपवून माघारी फिरणे काय असते, हे आपण शहरातल्या आईबापांनी मनाशी विचारून पाहावे. एवढा विश्वास टाकणाऱ्याला उदासीन म्हणणे हा अन्याय आहे. पालक उदासीन नाहीत, आपली सभा त्यांना परकी वाटते. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, आणि बाकीचे सारे त्याचे विवरण.

मौनाचा इतिहास

खुर्चीवर बसलेल्या माणसासमोर वनवासी पालक गप्प का बसतो, याला इतिहास आहे. कागदावर अंगठा द्यायचा आणि त्या अंगठ्याने जमीन जायची, हे या भागातील कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले. १९७०च्या दशकाच्या आरंभी शहादा-तळोदा परिसरात अंबरसिंग सुरतवंती महाराजांनी भिल्ल समाजाला संघटित केले, ते प्रामुख्याने या जमिनींच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर. ज्याच्या आजोबांना कागदाने फसवले, तो नातू कागद पुढे करणाऱ्या शिक्षकाकडेही थोडा सावधपणेच पाहणार. त्याचे मौन हे अज्ञान नसून अनुभव आहे.

त्याच मातीत आणखी एक आठवण आहे. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी व्यसनमुक्तीची आणि शुद्ध आचरणाची चळवळ उभारली. हजारो लोक त्यांच्यामागे गेले. त्यांनी लोकांना एकमेकांसाठी अभिवादन दिले, ‘आप की जय’. ज्या समाजाला बाजारात आणि कचेरीत ‘ए, इकडे ये’ याच शब्दांत हाक मारली जात होती, त्याला त्यांनी ‘आप’ म्हणायला आणि म्हणवून घ्यायला शिकवले. सुधारणेची सुरुवात त्यांनी सन्मानापासून केली. आज शाळेच्या दारात आलेल्या साठीच्या आजोबांना पंचविशीतला शिक्षक ‘काय रे, कुठे होतास इतके दिवस?’ असे विचारतो, तेव्हा सभा सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. पालकांना ‘तुम्ही’ म्हणायचे, त्यांच्या नावाने आदरपूर्वक हाक मारायची, दारापर्यंत सामोरे जायचे, याला कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या पूर्ण करून निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात, त्यात माता, पिता, आचार्य आणि अतिथी या चौघांना देव मानण्यास सांगितले आहे. पालकसभेत हे चौघेही एकत्र येतात. माता आणि पिता येतात, आचार्य असतात, आणि त्या दिवशी माता-पिताच शाळेचे अतिथी असतात. एवढे ध्यानात ठेवले तरी खुर्च्यांची मांडणी आपोआप बदलेल.

शाळा घराकडे गेली तेव्हा

महाराष्ट्राला या बाबतीत मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याचे मर्म काय होते? मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी आईबापांना दूषणे दिली नाहीत. त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणारी वारली मुले कुरणात असतात, तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पसरला. पण त्या शब्दातले ‘अंगण’ पालकांचे होते, हे आपण विसरलो.

लांबचे उदाहरण कशाला? २०२० मध्ये महामारीच्या भीतीने लोक केंद्रावर येईनात, तेव्हा याच जिल्ह्यात, नर्मदेच्या फुगवट्याकाठी चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः नाव वल्हवत दूरच्या पाड्यांवरची बालके आणि गरोदर माता गाठल्या. देशभरच्या वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली. तिने ‘पालक येत नाहीत’ असा अहवाल पाठवला नाही, ती निघाली. येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना ‘संपर्क’ या शब्दाचा अर्थ मी सांगायला नको. ज्याच्या घरी आपण कधी पाणी प्यालो नाही, तो आपल्या कार्यक्रमाला येईल, अशी अपेक्षा कोणता कार्यकर्ता करतो? शाळेचेही तेच आहे. सभेपूर्वी घरभेट ही सभेची निम्मी तयारी समजावी. आणि त्या पहिल्या भेटीत तक्रार नको. घर कुठे आहे, माणसे किती, मूल कुठे बसून अभ्यास करते, पाणी कुठून येते, एवढे पाहून आणि ख्यालीखुशाली विचारून परतावे.

दिवस, वेळ आणि जागा

सभेची तारीख शाळेच्या दिनदर्शिकेवरून न ठरता गावाच्या दिनदर्शिकेवरून ठरली पाहिजे. आठवडे बाजाराच्या दिवशी गाव रिकामे असते; मात्र बाजाराच्या गावीच शाळा वा वसतिगृह असेल, तर तोच दिवस सर्वांत सोयीचा. महाशिवरात्रीच्या सुमारास याहामोगी मातेच्या दर्शनाला सीमेपलीकडे देवमोगऱ्याला माणसे जातात. होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतात आणि होळी हा तर येथील सर्वांत मोठा सण. काठीच्या राजवाडी होळीला सातपुडा लोटतो, बावा आणि बुध्या होणारे लोक त्यासाठी कडक व्रत पाळतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची असतात. अनेक पाड्यांवर दिवाळी आपल्या पंचांगाच्या दिवशी नसते, गाव बसून दिवस ठरवते. हे माहीत नसलेला शिक्षक त्या दिवशीची अनुपस्थिती लाल शाईने लिहितो. माहीत असलेला शिक्षक सभा चार दिवस अलीकडे घेतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थलांतर. पावसाळा संपला, दिवाळी झाली की असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये, सुरत-बारडोलीकडे जातात आणि होळीला किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणून या जिल्ह्यात दोन सभा अत्यावश्यक आहेत. पहिली दसरा-दिवाळीच्या दरम्यान, मुकादमाची गाडी येण्यापूर्वी. तिचा विषय एकच : तुम्ही निघालात तर मूल कोणाजवळ राहणार? आजी-आजोबा आहेत का, हंगामी वसतिगृहाची सोय करायची का, आणि मूल सोबत जाणारच असेल तर त्याचे शिक्षण हमी कार्ड तयार आहे का? दुसरी सभा होळीनंतर, परतलेल्या मुलाला पुन्हा वर्गात सामावून घेण्यासाठी. पहिली सभा चुकली तर जानेवारीत कितीही भाषणे केली तरी समोर ऐकायला कोणी नसते.

वेळ संध्याकाळची, कामावरून परतल्यानंतरची, किंवा भल्या सकाळची. जागा प्रत्येक वेळी शाळाच कशाला? पाडे विखुरलेले असतात; एक सभा एका पाड्यावर, दुसरी दुसऱ्या पाड्यावर, मोहाच्या झाडाखाली घ्यावी. गावचे पाटील, कारभारी, पुजारा यांना आधी भेटून दिवस ठरवावा. आणि बसायचे ते सर्वांनी गोल करून, एकाच सतरंजीवर.

दुभाषी कोण?

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आज अमेरिकेत आहेत. तेथे नातवाच्या शाळेत शिक्षिकेबरोबर ठरलेल्या वेळेची भेट असते, वर्षातून एक-दोनदा, दहा-पंधरा मिनिटांची. आपली सुशिक्षित, उच्चपदस्थ सूनही त्या भेटीपूर्वी थोडी बावरते. शिक्षिकेला उलट प्रश्न विचारावा की नाही, मुलाचे कौतुक आपण करावे की नाही, हे तिला कळत नाही, कारण आपल्याकडे शिक्षकांसमोर गप्प राहणे हा आदर समजला जातो आणि तेथे गप्प राहणे ही अनास्था समजली जाऊ शकते. इंग्रजी उत्तम येणाऱ्या आपल्या माणसाची ही अवस्था होते, तर दुर्गम पाड्यावरच्या पित्याची काय होत असेल?

त्याच अमेरिकेत १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली. सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले, म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी ते शिक्षण बंदच असते. आपल्या घटनेच्या ३५० क कलमाने तर प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना १९५६ पासूनच सांगितले आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. मुलाच्या शिक्षणाला जो न्याय, तोच पालकांच्या सभेलाही हवा.

म्हणून प्रत्येक सभेत दुभाषी असावा. परंतु तो त्याच पालकाचे मूल असू नये. ही चूक सर्रास होते. गुरुजी म्हणतात, ‘तुझ्या बाबांना सांग, तू महिनाभर गैरहजर होतास.’ आणि पोरगा पावरीत बाबांना सांगतो, गुरुजी म्हणतात तू फार हुशार आहेस! येथे हसू येते. पण मुलाच्या जिभेवर आपण त्याच्याच तक्रारीचे ओझे ठेवतो आणि घरात बापाचा मान खाली आणतो, हे गंभीर आहे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शाळेचाच माजी विद्यार्थी, यांपैकी कोणीही हे काम उत्तम करील. शिक्षकाने दोन वाक्ये बोलावीत आणि थांबावे. बोलताना दुभाष्याकडे न पाहता पालकांकडे पाहावे.

आणि शिक्षकाने स्वतः चार वाक्ये तरी शिकावीत. याहा म्हणजे आई, हा एक शब्द योग्य जागी उच्चारला तर समोरचा चेहरा उजळतो. खान्देशच्या सपाटीवर ‘तुमना पोऱ्या हुशार शे’ असे म्हणणाऱ्या गुरुजींना कोणती माय विसरेल? आज शाळांचे पालकगट मोबाइलवर आहेत, पण त्यांवर लांबलचक मराठी परिपत्रके पडतात. त्याऐवजी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप, त्यांच्या बोलीत, स्थानिक माणसाकडून बोलवून घेतलेला पाठवून पाहा. तो उसाच्या फडातही ऐकला जातो.

दाखवावे आणि ऐकावे

प्रगतिपुस्तकातील श्रेणी निरक्षर आईला काय सांगणार? तिच्यासमोर मुलाची जूनची वही आणि ऑक्टोबरची वही शेजारी शेजारी उघडून ठेवा. वाकडीतिकडी रेघ सरळ झालेली तिला दिसते, त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. मुलाला तिच्यासमोर एक परिच्छेद मोठ्याने वाचू द्या. बाजारात मोहफुले आणि चारोळी विकताना हिशेब तोंडी करणारी ती बाई आहे. मुलाला बेरीज घालायला तिलाच सांगा. आईला आपल्याहून जास्त कळते, हे मूल त्या दिवशी शिकते.

गुण सर्वांसमोर वाचून दाखवू नयेत. कौतुक चारचौघांत, उणीव एकांतात. प्रत्येक पालकाला पाच मिनिटे तरी स्वतंत्र मिळावीत, आणि त्यांतील पहिले वाक्य मुलाच्या गुणाचे असावे. मग तीन प्रश्न विचारावेत. घरी मूल काय काय काम करते आणि त्याला कशात गोडी आहे? शाळेविषयी तुमच्या मनात कसली भीती आहे? पुढचे चार महिने तुम्ही कुठे असाल? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या शिक्षकाच्या वहीत आहेत, त्याला गैरहजेरीचे कारण शोधावे लागत नाही. आश्रमशाळेत तर दुसरा प्रश्न फार मोलाचा. मूल आजारी पडले तर निरोप येतो का, मुलीच्या निवासाला रात्री कोण असते, हे विचारण्याचे धाडस आई करीत नाही. तिला विचारू दिले पाहिजे, आणि ठोस उत्तर दिले पाहिजे.

आया बहुधा मागे बसतात आणि पुरुषांसमोर बोलत नाहीत. त्यांची बैठक वेगळी घ्यावी, शिक्षिकेने किंवा सेविकेने घ्यावी, कडेवरच्या मुलांसकट घ्यावी. आठवीतल्या मुलीला पुढे शिकवायचे की फडावर न्यायचे, हा निर्णय जाहीर करतो बाप. पण त्या घरात तो घडवते कोण, हे आपल्या घरावरून ओळखा.

नाव आणि जन्मतारीख

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. ओळख नावाच्या गोष्टीचे मोल या जिल्ह्याला म्हणूनच अधिक कळावे. कितीतरी मुलांची घरची नावे शाळेत दाखल होताना ‘सुधारली’ जातात, कारण लिहिणाऱ्याच्या कानाला ती खडबडीत वाटतात. जन्मतारीख माहीत नसली की १ जून ठरलेला; एका वर्गात अर्ध्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी! पुढे दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि वडिलांच्या कागदावर तिसरे, अशा गोंधळात जात वैधता प्रमाणपत्रासाठी तोच मुलगा वर्षभर हेलपाटे घालतो. पहिल्याच सभेत प्रत्येक पालकासमोर नोंद मोठ्याने वाचावी, त्याने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे. नाव हे त्या घराचे पहिले दान आहे, ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सुधारणेची घाई

एक गोष्ट आपल्याच मंडळींना आपलेपणाने सांगतो. आपण सेवाभावाने जातो, पण मनात एक साचा घेऊन जातो. पालकांचे खाणे, पेहराव, विधी, देव यांबद्दल दोन उपदेश केल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. पालकसभा ही त्याची जागा नव्हे. कोणी याहामोगीला नवस बोलतो, कोणी ‘आप की जय’ म्हणतो, नवापूरकडे कोणी रविवारी चर्चमध्ये जातो, शहरात कोणी नमाज पढतो. शाळेच्या दारात त्या सर्वांची ओळख एकच, की तो एका मुलाचा बाप आहे. ज्या शिक्षकाच्या वागण्यात यावरून तसूभरही फरक पडतो, त्याच्यावर मुलाचा विश्वास बसत नाही. विश्वास हीच शाळेची खरी इमारत आहे.

समरसतेचा अर्थ दुसऱ्याला आपल्यासारखे करणे असा होत नाही. त्याच्या घरात जे ज्ञान आहे, ते वर्गात आणणे म्हणजे समरसता. बियाणे राखणारा, बांबूची टोपली विणणारा, झाडपाला ओळखणारा, ढोल घडवणारा पालक महिन्यातून एकदा वर्गात शिक्षक म्हणून उभा राहू द्या. त्याच्या पुढच्या सभेला त्याला बोलावणे पाठवावे लागणार नाही.

कायदा आणि कर्तव्य

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती आणि प्रगती सांगणे, हे त्याच्या २४व्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. २१व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. म्हणजे कायद्याने पालक हा शाळेचा पाहुणा नाही, कारभारी आहे. मात्र कारभाऱ्याला ठराव कळला पाहिजे. अंगठा घेण्यापूर्वी काय लिहिले ते त्याच्या बोलीत वाचून दाखवा. आजोबांच्या अंगठ्याचा इतिहास नातवाच्या शाळेत पुन्हा घडू नये.

सभा उठताना दोनच गोष्टी ठराव्यात : एक शाळेने करायची, एक घराने करायची. आणि पुढची सभा त्या दोन गोष्टींच्या हिशेबानेच सुरू व्हावी. हिशेब आधी शाळेने द्यावा.

शिक्षक मित्रहो, तुमच्यावर कामाचा भार किती आहे, याची मला जाणीव आहे. सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, पोषण आहाराच्या नोंदी, यांतून वेळ काढून पाड्यावर जा असे सांगणे सोपे आहे. म्हणूनच हे काम एकट्या शिक्षकाचे नाही. येथे बसलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने एका शाळेशी नाते जोडावे, तिच्यासाठी दुभाषी शोधून द्यावा, सभेच्या आदल्या दिवशी पाड्यावर फेरी मारावी. आणि हे काम येत्या दसऱ्यापूर्वी व्हावे. मुकादम प्रत्येक घरात जाऊन, त्या घराच्या भाषेत बोलून, उचल देऊन माणसे ठरवतो. त्याला पालक कधीच उदासीन वाटत नाहीत. तो घरी पोहोचण्यापूर्वी शाळा पोहोचली पाहिजे.